लिंगनबेरीची पानं पिवळी पडली? मातीआधी पाणी तपासा

तुम्ही लिहिलंय की लिंगनबेरीची (थंड प्रदेशातलं छोटं झुडूप, लाल आंबट फळांचं) झाडं तीन वर्षांची आहेत, पानं पिवळी पण शिरा हिरव्या, फळं नावाला, आणि दोनदा लोह देऊनही फरक नाही. वाचता वाचता माझा जुना वाफाच डोळ्यांसमोर आला.

आम्लधर्मी माती, ऊन, निचरा हे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही. माझं नुकसान झालं ते पाण्यामुळे.

पीट (दलदलीतला कुजलेल्या शेवाळाचा आम्लधर्मी थर) आणि पाइनच्या सालीचा चुरा घालून वाफा केला तेव्हा सामू, म्हणजे पीएच, ४.८ होता; हा आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी. दोन उन्हाळे विहिरीचं पाणी घातलं आणि पानं तुमच्यासारखीच झाली. माती तपासायला दिली. सामू ६.६ आला, शेरा 'योग्य', सल्ला 'लोह द्यावे'. तो तक्ता भाजीपाल्याचा होता. हे झाड वेगळं आहे, याला पाचच्या आसपास सामू लागतो, असं मी प्रयोगशाळेच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं. समोरच्यांनी छापील रकान्यावर बोट ठेवलं आणि पुढचा नंबर पुकारला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पाणी कुठलं घालता, हे एकदाही कुणी विचारलं नाही. दोन हंगाम आणि निम्म्याहून जास्त झाडं गेली. याचा राग अजून गेलेला नाही.

उलगडा झाला तो झारीमुळे. तिच्या तोटीवर पांढरा खडबडीत थर बसला होता. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले तर फसफसून फेस आला. म्हणजे चुनखडी. दर पाण्याबरोबर मी वाफ्यात चुना ओतत होतो. लोह मातीत होतंच, पण सामू चढला की ते झाडाला घेता येत नाही. लिंगनबेरीची मुळं केसासारखी बारीक आणि अगदी वरच्या थरात असतात, त्यामुळे पाण्यातला चुना आधी त्यांनाच भिडतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: लोहावर आणखी पैसे घालू नका. पाण्याची तपासणी करून घ्या आणि नुसता सामू नव्हे, बायकार्बोनेट किंवा एकूण क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पाणी आम्ल किती मारतं ते) बघा. लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर पावसाचं पाणी साठवून तेच घाला. सोबत बारीक गंधक थोडं थोडं द्या. त्याचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला महिने लागतात, थंडीत तर काम जवळजवळ थांबतं. एकदम जास्त टाकलंत तर मुळं जळतील. लाकडाची राख आणि ताजं शेणखत वाफ्याजवळ आणू नका. नत्र अमोनियम सल्फेटमधून द्या, तेही चिमटीनं.

मी कृषितज्ज्ञ नाही. तुमच्याकडे हिवाळा पुरेसा थंड नसेल तर फळ न धरण्याचं कारण तेही असू शकतं, ते पाण्यानं सुटणार नाही.

आणि खुरपणी खुरप्यानं नको, हातानं करा. वाचलेल्यांपैकी दोन झाडं मी खुरप्यानंच घालवली. त्याऐवजी पाइनच्या सुयांचं चार-पाच सेंटिमीटर आच्छादन घाला, तण निम्म्यावर येतं. नवा फुटवा हिरवा आला की समजा पाणी लागू पडलं. जुनी पिवळी पानं मात्र बहुधा तशीच राहतील, त्यांच्याकडे बघून खत वाढवू नका.