हाताने चालवली की तारीख बरोबर, क्रॉनमधून भलतीच, असं का होतं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. सातपूरच्या ऑफिसातून क्लाउडवरच्या उबुंटू सर्व्हरवर एसएसएच करून (म्हणजे दुरून लॉगिन करून) बॅकअपची स्क्रिप्ट चालवली, की फाइलच्या नावात ‘05 जुलै 2024’ असं नीट येतं. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालली की वर्ष गायब होतं. दहा तारखेपासून तर टार (फाइली एकत्र बांधून बॅकअप बनवणारी कमांड) ‘कनेक्ट होता येत नाही’ म्हणून थांबतो. स्क्रिप्टमध्ये तुम्ही डेटचं आउटपुट कट कमांडनं स्पेसवर तोडून दुसरा, तिसरा आणि चौथा तुकडा घेताय.

नेटवर्क तपासत बसू नका, दोष त्या कटमध्ये आहे. नुसती डेट कमांड तारीख कशी छापेल हे लोकेलवर, म्हणजे भाषा आणि देशाच्या सेटिंगवर ठरतं. भारतीय इंग्रजीच्या लोकेलमध्ये ती वार, तारीख, महिना, वर्ष अशा क्रमाने येते, म्हणून तुमचे तीन तुकडे बरोबर बसतात. सी लोकेलमध्ये, म्हणजे कुठलीच भाषा न निवडलेल्या मूळ सेटिंगमध्ये, आधी वार, मग महिना, तारीख, वेळ, टाइमझोन आणि वर्ष पार शेवटी. त्यातही एक ते नऊ तारखांच्या आधी शून्याऐवजी जादा स्पेस येते. कट त्या रिकाम्या जागेलाही एक तुकडा मानतो, त्यामुळे हाती फक्त महिना आणि तारीख लागते. दहापासून ती जादा स्पेस जाते आणि वर्षाच्या जागी वेळ येऊन बसते, ‘23:30:10’.

आता टारचं. फाइलच्या नावात कोलन दिसला आणि त्याच्या आधी स्लॅश नसला, तर टार कोलनआधीचा भाग दुसऱ्या मशीनचं नाव समजून तिकडे जोडायला जातो. म्हणजे दहा तारखेपासूनचे बॅकअप झालेलेच नाहीत. बाकी सगळं सोडा, आधी एक बॅकअप हाताने घेऊन ठेवा. नऊपर्यंतचे झालेत, पण वर्ष नसल्यामुळे पुढच्या जुलैत त्याच नावाची फाइल त्यांच्यावर लिहिली जाईल.

मग हाताने चालवताना का जमतं? उबुंटूत एसएसएच तुमच्या लॅपटॉपचं लोकेल सोबत नेतं आणि सर्व्हर ते स्वीकारतो. क्रॉनला सर्व्हरचं स्वतःचं लोकेल मिळतं, आणि क्लाउडवर घेतलेल्या उबुंटूत ते सहसा सी.यूटीएफ-8 असतं, त्यात तारीख सी लोकेलसारखीच छापली जाते. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवरून तिसरंच काही दिसलं तरी कारण हेच. लोकेल ही कमांड दोन्हीकडे चालवून बघा. लोकेल ठरवणाऱ्या व्हेरिएबलपैकी एलसी_ऑल असेल तर त्याचंच चालतं, नसेल तर एलसी_टाइम, आणि तेही नसेल तर लँग.

बरेच जण सांगतील की स्क्रिप्टच्या वर एलसी_ऑल बसवा. चालेल, पण माणसासाठी छापलेली ओळ तोडून वापरायची सवय तशीच राहते. त्यापेक्षा डेटला हवा तो साचा द्या: डेट, स्पेस, अधिकचिन्ह, टक्का आणि कॅपिटल एफ. 2024-07-05 असंच मिळेल, लोकेल कुठलंही असो. नावाने लावल्या की फाइलीही तारखेच्या क्रमाने लागतात.

हा साचा थेट क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलीच्या) ओळीत लिहिणार असाल तर टक्क्याआधी बॅकस्लॅश हवा, कारण क्रॉन उघड्या टक्क्याला नवी ओळ समजतो. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये ही भानगड नाही. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल, तर आपल्या पहाटे साडेपाचच्या आधी घेतलेल्या बॅकअपवर आदल्या दिवसाची तारीख पडेल, तेही बघून घ्या.

उलट्या बाजूनेही सांभाळा. मी पिंपळगावच्या एका द्राक्ष पॅकहाउसचा हिशेब बघतो. तिथल्या पावत्यांवर 03/04/2024 म्हणजे 3 एप्रिल, पण डेटला मायनस डी देऊन तीच तारीख वाचायला दिली की ती 4 मार्च होते. दोन्ही तारखा हंगामातल्याच, त्यामुळे कुणाला खटकतही नाही. 13/04 आली की मात्र ‘तारीख चुकीची’ असा एरर येतो. तेव्हा अशा फाइली वाचण्याआधी दिवस, महिना आणि वर्ष सुटे करून उलट क्रमाने जोडून घ्या.