लस नाही दिली तर दुसऱ्याचं काय जातंय?

‘नाही दिली लस, तर फार तर आमचंच लेकरू आजारी पडंल ना? दुसऱ्याचं काय जातंय?’

हे वाक्य मी इतक्या जणींच्या, आणि हल्ली जणांच्याही, तोंडून ऐकलंय की समोरचं माणूस कधी त्यावर येणार हे मला आधीच कळतं. मी समुपदेशक. लातुरात माझ्याकडे लसीसाठी म्हणून कुणी येत नाही. झोप उडाली म्हणून येतात, जावाजावांचं पटेना म्हणून येतात. दोन-तीन भेटी झाल्या की बोलता बोलता लस निघते. कोविडनंतर तर ‘दोन-दोन डोस घेऊन झालाच की’ हे पालुपद ठरलेलं. म्हणून ही एक हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि भेटी बऱ्याच झाल्या होत्या, त्यातलं मोजकंच इथे घेतलंय.

औसा तालुक्यातल्या एका गावची, तिशीच्या आतली बाई. तक्रार झोपेची. रात्रीतून कितीदा तरी उठून तीन वर्षांच्या मुलाच्या कपाळाला हात लावायची. मुलगा धडधाकट. पण साडेतीन महिन्यांच्या डोसानंतर त्याला रात्रभर ताप होता, मांडी सुजली होती, रडून रडून आवाज बसला होता. सासूबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, ‘आता एकबी सुई टोचायची नाही.’ पुढचे सगळे डोस बंद झाले. नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचाही त्यातच राहिला. आशाताई येऊन येऊन थकल्या. आता शेजारच्या वाडीत गोवर निघाला होता आणि लहानी जाऊ पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी जाते म्हणत होती. एकदा रागाच्या भरात ती बोलूनही गेली होती, ‘माझ्या लेकीला काही झालं तर तुमच्यामुळं.’ तेव्हापासून घरात अबोला.

‘मीच धरून सुई टोचवायची आन् मग काही झालं तर? तोंड कुणाला दाखवू मॅडम?’

‘आणि नाही टोचवली, आणि गोवर निघाला तर?’

‘ते काय माझ्या हातानं झालेलं नसंल. ते देवाच्या मर्जीनं.’

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारांचा. भावनेच्या मुळाशी एखादं वाक्य असतं, माणूस ते स्वतःशी सारखं बोलत असतो, ते सापडलं की अर्धं काम झालं, असं मी मानते. तिचं वाक्य सापडलं होतं: केलं तर दोष माझा, न केलं तर नशिबाचा. मी एवढंच विचारलं, ‘नशिबावर सोडलंय, तर मग रात्री उठून हात कशाला लावता, ताई?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. न करणं हाही आपलाच निर्णय आहे, हे तिच्या मनाला ठाऊक होतं. ते मान्य करायचं राहिलं होतं, आणि झोप तिथेच अडली होती.

पुढच्या भेटीत मी पोलिओचं विचारलं.

‘तो डोस देतो की! दर वेळी. सासूबाईच बूथवर नेतात.’

‘गावात कुणाला पोलिओ आहे?’

‘नाही आता.’

‘मग कशाला नेता?’

‘सगळ्यांनी दिला म्हणून तर गेला ना तो!’

हे ती बोलली, मी नाही. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 2014च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तारखा तिला माहीत नव्हत्या, मर्म माहीत होतं. एकाची लस दुसऱ्याच्या कामी येते, हे या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. अडचण सुईची होती. अशा वेळी समोरच्याच्या पदरात जे आधीपासून आहे तेच त्याच्यापुढे ठेवावं. पत्रकं वाटून हे होत नाही.

तिच्याकडे एक तोडगा तयार होता. ‘गोवर निघाला की मी लेकराला घेऊन वेगळ्या खोलीत राहीन. लहानीच्या पोरीला हातसुद्धा लावू देणार नाही.’

इथे मात्र माहिती द्यावीच लागली. गोवराचं मूल अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो दुसऱ्याला देत असतं, आणि पुरळ आल्यावर आणखी चार दिवस. ते खोकून खोलीबाहेर गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देतो.

‘म्हंजे दिसायच्या आधीच दिलेला असंल?’

‘हो. बरं, सकाळपासून तो कुणाकुणाकडे जातो ते सांगा.’

तिने बोटांवर मोजायला घेतलं. अंगणवाडी. किराणा दुकान. आजोबांची खाट. मारुतीच्या पारावरची पोरं. मग बोट थांबलं. लहानीच्या पोरीच्या पाळण्याची दोरी दिवसभर तोच ओढायचा. पोर त्याला बघूनच हसायची. आणि त्या पोरीला नऊ महिने होईपर्यंत नेहमीच्या वेळापत्रकात गोवराची लस नाही. तोवर आईकडून मिळालेलं संरक्षण, तेही ओसरत जाणारं.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवलं पाहिजे. ते मला आता जमतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘मागं तारा एकमेकीला घासून शेजारच्यांच्या उसाला आग लागली होती. मधी आमच्या मालकांनी पट्टा नांगरून ठेवला होता. आग तिथवर आली आन् विझली. तसंच का हे?’

तसंच. किती व्याख्यानं ऐकली, पण सामूहिक प्रतिकारशक्ती इतकी नेमकी कुणी सांगितली नव्हती. लस घेतलेल्या शरीरात विषाणू शिरला तरी त्याला वाढायला वाव मिळत नाही. वाढला नाही तर खोकल्यातून बाहेरही पडत नाही. गोवराच्या पहिल्या डोसाने शंभरातल्या साधारण 85 मुलांना संरक्षण मिळतं, दुसऱ्याने जवळपास 97. उरलेली दोन-चार, नऊ महिन्यांच्या आतली, कॅन्सरच्या उपचारांमुळे लस घेऊ न शकणारी, ही सगळी इतरांच्या भरवशावर असतात. म्हणून गोवरासाठी शंभरात 95 जण सुरक्षित हवेत असं सांगतात. कोविडच्या काळात डोस चुकले आणि 2022च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर कसा उसळला, ते सगळ्यांनी पाहिलंय.

‘मग करोनाची लस घेऊन माझ्या भावाला करोना झालाच, ते?’

याचं उत्तर गुळमुळीत दिलं तर विश्वास जातो. सगळ्या लसी सारख्या नसतात. धनुर्वात माणसाकडून माणसाला होतच नाही, त्यामुळे ते इंजेक्शन दुसऱ्याला गोवरासारखी आड देत नाही. गोवराची लस लागण आणि प्रसार दोन्ही अडवते, तेही वर्षानुवर्षं. करोनाची लस मधली. जीव वाचवण्यात ती भक्कम होती, प्रसार रोखण्यात अर्धीमुर्धी. इंग्लंडमध्ये 2021च्या सुरुवातीला घराघरांतली लागण मोजली, तेव्हा एक डोस घेऊनही आजारी पडलेल्यांकडून घरच्यांना होणारी लागण 40 ते 50 टक्के कमी दिसली. पुढे विषाणू बदलला, महिने उलटले, तसा हा फायदा घटला. भावाला करोना झाला हे खरंच आहे. त्यावरून गोवराच्या लसीचा हिशेब मांडता येत नाही.

जावेच्या ‘तुमच्यामुळं’ने काय झालं होतं, हे घरच्यांनी लक्षात घ्यावं. मुलाची आई नकारावर आणखी घट्ट झाली होती. अपराधाची टोचणी लागली की माणूस पटवून घेत नाही, स्वतःला वाचवायला बघतो. ‘तुझ्या मुलामुळे बाळ आजारी पडेल’ आणि ‘तुझ्या मुलामुळे बाळ सुरक्षित राहील’ यांत माहिती एकच आहे. मी कायम दुसरं बोलते.

मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आधीचा ताप ही लस नाकारण्याजोगी गोष्ट नव्हती, असं त्यांनी तपासून सांगितलं. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप त्याच रात्री न येता बहुधा आठवडाभराने येतो, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं. आठव्या दिवशी तिचा फोन आला, ‘अंग गरम लागायलंय, पण सांगितल्यासारखंच हाय.’ दोन दिवसांत उतरला. दुसरा डोस किमान महिनाभराने, तोही झाला. लहानी माहेरी गेली नाही. सासूबाईंचं मत जिथल्या तिथे आहे. झोप पूर्ण सुधारायला आणखी काही भेटी लागल्या, कारण तिच्या काळजीची सगळी मुळं लसीत नव्हती.

परवा एका तरुण बापाने विचारलं, ‘गोवराचं समजलं. पण पोराला रुबेला कशाला? तो तर पोरींचा आजार.’ रुबेला मुलांनाही होतो, बहुतेक वेळा हलका. पण त्या मुलाकडून तो गरोदर बाईला गेला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाव पडू शकतो. त्याची बायको तेव्हा दुसऱ्यांदा दिवसांत होती. म्हणाला, ‘पोरगा चार वर्षांचा झालाय, राहिलेला डोस आता मिळंल का?’ मिळतो. सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपर्यंत, फुकट. जाताना लसीचं कार्ड सोबत न्या, आणि हरवलं असेल तरी जा.