पायलोनिडल सायनसचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले, जखम अजून उघडीच आहे. असं चालतं का?

पायलोनिडल सायनस म्हणजे माकडहाडाजवळच्या घळीत केस रुतून झालेली पूची नळी. तुमचा प्रश्न वाचताना हात आपोआप तिकडे गेला. बरीच वर्षं झाली, पण ती जागा माणूस विसरत नाही.

तुम्ही लिहिलंय की जखम उघडी ठेवलीय, रोज ड्रेसिंग चालू आहे, पहिला महिना भराभर भरली आणि आता अडीच आठवडे तिथंच अडकलीय. डॉक्टर 'वेळ लागतो' एवढंच म्हणतात, ऑफिसनं सोमवारपासून बोलावलंय आणि दुखणं अशा जागी की घरातही मोकळेपणानं बोलता येत नाही. मी डॉक्टर नाही. औषध कंपनीत एम.आर. (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) होतो, तासगाव-सांगली-मिरज-जयसिंगपूर असा रोजचा बाईकवरचा फेरा, आणि हे ऑपरेशन दोनदा झालेला माणूस आहे. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

सात आठवड्यांनी जखम उघडी असणं यात काही बिघडलेलं नाही. उघडी ठेवलेली जखम भरायला दोन-तीन महिने सहज लागतात, काहींना त्याहून जास्त. पण अडीच आठवडे माप हललेलंच नाही, ही गोष्ट वेगळी. सावकाश भरणारी जखम आणि थांबलेली जखम एकच नव्हे. पहिलीला धीर लागतो, दुसरीचं कारण शोधावं लागतं. मी दुसरीला पहिली समजून तीन आठवडे घालवले.

माझं आधी गळूच समजलं होतं सगळ्यांनी. आई म्हणाली केसतूड आहे, जवसाचं पोटीस बांध. फुटलं, बरं वाटलं, चार महिन्यांनी परत. २०१६ च्या जूनमध्ये पहिलं ऑपरेशन. सगळं काढलं आणि बरोबर मधल्या रेषेत टाके घालून बंद केलं. आठवड्यात कामावर, म्हणून मी खूष. नवव्या दिवशी पँट ओली लागली, बघतो तर टाके उसवलेले. कसंबसं भरलं आणि पुढच्या दिवाळीत तिथंच पुन्हा गाठ. दोन ढुंगणांमधली ती घळ खोल, घामट, आणि बसलं-उठलं की ताण नेमका तिथंच. मधोमध शिवण घालण्यापेक्षा ती एका बाजूला न्यावी, यावर आता सर्जन मंडळींचं बऱ्यापैकी एकमत आहे. कारिडाकिस नावाच्या ग्रीक सर्जननं तशी पद्धत काढली, लिंबर्ग फ्लॅप म्हणतात, म्हणजे शेजारची कातडी वळवून जागा झाकणं, तोही त्याच विचाराचा. मला हे २०१६ ला माहीत नव्हतं, आणि मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये दिवसाला दहा वेळा जाणारा माणूस!

दुसरं ऑपरेशन जानेवारी २०१८ ला, दुसऱ्या सर्जनकडे. त्यांनी उघडी ठेवली आणि सांगितलं, खालून वर भरली पाहिजे, वरून कातडी आधी जुळता कामा नये. मला ते डोक्यात शिरलं अण्णांमुळे. अण्णा, माझे वडील, शिंपी. तासगावात चाळीस वर्षं दुकान. ड्रेसिंग कोण करणार हा प्रश्न आला तेव्हा आई रडायला लागली, धाकटा भाऊ गायब झाला, आणि अण्णांनी चष्मा पुसून हात धुतले. सिस्टरनी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. म्हणाले, "वरनं टीप मारून झाकायला कुणालाही येतं. आत अस्तर गोळा झालेलं असलं की कोट चार दिवसांत फुगतो."

आणि त्यांनी गिऱ्हाइकांच्या मापाची वही काढली. छाती, कंबर, बाही असे रकाने असलेल्या त्या लांबट वहीत माझ्या नावाचं एक पान. दर रविवारी निर्जंतुक काडी आत अलगद टेकवून खोली बघायची (जोर न लावता, सर्जनांनीच शिकवलं होतं), काडी पट्टीला लावायची आणि इंचात लिहायचं. दुसरा आठवडा, खोली दीड. चौथा, एक. सहावा, पाऊण. सातवा, पाऊण. आठवा, पाऊण. नववा, पाऊण. नवव्याखाली अण्णांनी दोन रेघा मारल्या होत्या. त्या पानामुळे आम्ही फेरतपासणीची तारीख यायची वाट न बघता गेलो. नाहीतर मी 'वेळ लागतोच' म्हणून बसून राहिलो असतो. बसून म्हणजे पालथा पडून.

सर्जननी पान वाचलं, भिंगाचा दिवा ओढला आणि चिमट्यानं तीन केस काढले. आतून. त्यातले दोन माझ्या डोक्याचे वाटावेत असे बारीक कापलेले. हा आजारच केसांचा. सुटलेला केस टोकानं कातडीत शिरतो, शरीर त्याला परका समजून भोवती पू करतं, नळी तयार होते. तिथले केस आम्ही काढत होतो, पण पाठीवरून, डोक्यावरून गळणारा केस घरंगळत त्या घळीतच येतो, हे लक्षातच आलं नव्हतं. न्हाव्यांना म्हणे हीच व्याधी हाताच्या बोटांच्या बेचक्यात होते, गिऱ्हाइकाचा केस रुतून. तेव्हा तुमची जखम अडकली असेल तर पहिली शंका केसांची घ्या. जखमेभोवती सगळ्या बाजूंनी दोन-तीन बोटं जागा दर आठ-दहा दिवसांनी केसमुक्त करून घ्यायची, आणि कापलेले केस आत पडू न देता. कटिंग केल्यावर डोक्यावरून अंघोळ झाल्याशिवाय ड्रेसिंग उघडायचं नाही.

दुसरी शंका बसण्याची. सहाव्या आठवड्यात मी गुपचूप बाईक सुरू केली होती. "फक्त मिरजेपर्यंत." मिरजेपर्यंतचे खड्डे ज्यांना माहीत आहेत त्यांना हसू येईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांत हा आजार इतका पसरला की त्याचं नावच 'जीपचा आजार' पडलं; सत्तर-ऐंशी हजार जवान त्यापायी इस्पितळात गेले. जीपच्या सीटनं जे केलं तेच बाईकची सीट करते. काठावर रोज बारीक चीर पडायची, रात्री जुळायची, सकाळी पुन्हा फाटायची. पान पाऊण इंचावर अडलं ते त्याच आठवड्यात. अण्णांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. सर्जननी विचारलं तेव्हा नाही बोलता आलं.

तिसरी गोष्ट तुम्हाला बघून कळेल, मोबाईलवर फोटो काढून बघा. चांगल्या जखमेचा तळ लालभडक, दाणेदार असतो, डाळिंब सोलल्यासारखा. पिवळट चिकट थर दिसला तर तो साफ करावा लागतो, आणि ते काम डॉक्टरांचं. कधी उलटंही होतं. दाणे इतके वाढतात की मांस वर उचलून येतं आणि कडेची कातडी त्यावर चढू शकत नाही. माझं दहाव्या आठवड्यात झालं. जास्तीचं मांस जाळणारी सिल्व्हर नायट्रेटची काडी फिरवली, चरचरलं, आठवड्याच्या अंतरानं दोनदा, आणि प्रकरण मिटलं. अशी अवस्था असली तर घरी कितीही ड्रेसिंग करा, फरक पडत नाही.

ड्रेसिंगबद्दल एक चूक सांगतो, कारण ती फार घरांत होते. अण्णांना हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस भारी आवडायचा. फसफसलं की घाण निघाली असं वाटतं. सर्जननी ते बंद केलं: जंतूंबरोबर नवीन पेशीही जळतात. पुढं फक्त शॉवरचं कोमट पाणी, मग नॉर्मल सलाईन, आणि ओलसर गॉज हलक्या हातानं. ठासून भरायचं नाही. बोळा कोंबला की जखमेला भरायला जागाच उरत नाही. वाळलेला गॉज ओढून काढायचा नाही, भिजवून सोडवायचा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थात त्यांचंच ऐका.

खाण्यावर गल्लीतली प्रत्येक बाई बोलून गेली. आंबट नको, पू होतो. वांगं नको, बटाटा नको. शेवटी मला भात आणि मुगाचं वरण एवढंच राहिलं. जखम भरायला प्रोटीन लागतं आणि सी जीवनसत्त्व लागतं, म्हणजे नेमकं लिंबू-आवळा ज्याला घरात बंदी. मी दिवसाला तीन अंडी, डाळ, शेंगदाणे, दही असं सुरू केलं. प्रोटीन पावडरचे डबे मी स्वतः विकायचो, तरी सांगतो, अंड्यावर भागतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथलं की सगळा ताण तिथंच. आमच्याकडं बेदाण्याला तोटा नाही, रात्री मूठभर भिजत घालायचो, शिवाय इसबगोल. सिगारेट ओढत असाल तर निदान हे तीन महिने सोडा. आणि साखर तपासून घ्या, तुम्ही चोवीस वर्षांचे असलात तरी. एका रक्ताच्या तपासणीचा तर प्रश्न आहे.

बसण्यासाठी भोक असलेली हवेची रिंग मीही आणली होती. मला तिनं उलट त्रास झाला, दोन्ही बाजू फाकून जखम ताणली जायची. वाकळेची घडी करून मांड्यांवर भार घेत पुढं झुकून बसणं बरं पडलं, तेही वीस मिनिटांच्या वर नाही. टीव्ही पालथं पडून, जेवण ओट्याशी उभ्यानं.

लाजेचं म्हणाल तर माझ्याकडं तोडगा नाही, फक्त अनुभव आहे. ऑफिसात मी पाठदुखी सांगितली, त्यांनी मूळव्याध समजून घेतली आणि एकानं सुरणाची भाजी आणून दिली. त्याच काळात एक कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरला होता. सोफ्यावर एका बाजूवर तिरका बसलो, सारखा कूस बदलत. मुलीकडच्यांचा निरोप आला, मुलगा चंचल वाटतो. पुढं लग्न झालं ते दुसरीकडं, आणि तिला मी आधीच सगळं सांगून टाकलं. तुम्ही घरातल्या एका माणसाला तरी सांगा, कारण ही जागा स्वतःला दिसत नाही. आरशात बघून ड्रेसिंग करणं म्हणजे पाठीला मेंदी काढणं.

ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, घाण वास आला, भोवती लाल होऊन गरम लागलं किंवा रक्त थांबेना, तर त्याच दिवशी दाखवा. तसं काही नसलं तरी या आठवड्यात जा, आणि 'कधी भरेल' हे विचारू नका. त्याला उत्तर 'वेळ लागतो' हेच येणार. विचारा: आत केस आहे का, वरची कातडी आधी जुळून पूल झालाय का, मांस जास्त वाढलंय का, व्हॅक्यूम ड्रेसिंगचा (यंत्रानं जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या) उपयोग होईल का. आणि तीन-चार महिन्यांनीही हलत नसेल, तर घळच उथळ करून शिवण बाजूला नेणाऱ्या ऑपरेशनबद्दल, क्लेफ्ट लिफ्ट वगैरे, दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला संकोचू नका. तुम्हाला कुणीतरी क्षारसूत्र, म्हणजे नळीत औषधी धागा ओवण्याचा आयुर्वेदिक उपचार, सुचवलंय, मलाही सुचवलं होतं. ते सायनसची नळी शाबूत असते तेव्हाचे उपचार. तुमची नळी तर कापून काढलीय, आता धागा कशातून ओवणार?

माझी जखम सतराव्या आठवड्यात मिटली. वहीत अण्णांनी 'खोली' समोर शून्य न लिहिता 'फिटिंग ओके' लिहिलं. त्यानंतरही सहा महिने दर पंधरा दिवसांनी केस काढत राहिलो, मग लेझर करून घेतलं. बाईक तीन महिन्यांनी, तीही आधी गल्लीतल्या गल्लीत. गाठ परत आलेली नाही.

सोमवारचं. काम खुर्चीतलं असेल तर सर्जनकडून चिठ्ठी घ्या आणि आणखी दोन आठवडे घरून मागा, पालथं पडून लॅपटॉप चालतो. जावंच लागलं तर टेबलावर खोकं ठेवून उभ्यानं काम करा, आणि दुपारी गॉज कुठं बदलणार ते आधी ठरवून ठेवा, ऑफिसच्या संडासात जमत नाही. कामावर परतल्यावर मी एका ओळखीच्या केमिस्टच्या मागच्या गोडाऊनमध्ये, कफ सिरपच्या खोक्यांवर ओणवा होऊन, त्याच्याकडच्या कंपाउंडरकडून करून घ्यायचो. तो बिचारा दरवेळी आधी पंखा बंद करायचा, धूळ उडू नये म्हणून.