छोट्या प्रोग्रामसाठी हलकं लॉगिंग फ्रेमवर्क कोणतं घ्यावं?

तुमचा प्रोग्राम जावात आहे, सोबत काही पायथन स्क्रिप्ट आहेत आणि आजवर सगळं प्रिंटवर भागलं आहे. आता नीट लॉग हवेत, पण जावाच्या लॉग४जे लायब्ररीसारखं धूड गळ्यात नको, म्हणून हलकं काहीतरी घ्यावं की स्वतःच लिहावं, असं तुम्ही विचारलंय.

स्वतः लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणून आधी त्याचंच बोलू. वेळ, लेव्हल (मेसेज किती महत्त्वाचा ते: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर अशा चढत्या पायऱ्या) आणि मेसेज एका ओळीत छापणारं फंक्शन चहा निवायच्या आत लिहून होतं. पुढे दोन थ्रेड एकदम लिहायला लागतात आणि ओळी एकमेकींत घुसतात, म्हणून लॉक येतं. फाइल फुगत जाते, म्हणून ती रोटेट करणारा, म्हणजे जुनी बाजूला ठेवून नवी सुरू करणारा कोड येतो. मग एखाद्या दिवशी एकाच क्लासचे डीबग मेसेज बघायचे असतात, बाकीचे नकोसे असतात. इथवर आलात की तुम्ही फ्रेमवर्कच लिहिलेलं असतं, तेही दुसऱ्या कुणी न तपासलेलं. एकदा चालवून विसरून जायची स्क्रिप्ट असेल तर मात्र खुशाल स्टँडर्ड एररवर प्रिंट करा. तिथे फ्रेमवर्क घालायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

‘हलकं’ म्हटलं की लोक जार फाइल किती केबीची आहे ते बघतात. सर्व्हरवर किंवा डेस्कटॉपवर त्यानं काही बिघडत नाही. मी आधी बघतो ते बंद असलेली ओळ किती खाते. कोडमध्ये डीबगच्या शेकडो ओळी असतात आणि प्रत्यक्ष वापरात लेव्हल इन्फोवर असते, म्हणजे त्यातली एकही छापली जात नाही. पण तुम्ही डीबगच्या कंसात ‘ऑर्डर: ’ ही स्ट्रिंग आणि ऑर्डर ऑब्जेक्ट अधिकच्या चिन्हानं जोडले असतील, तर आधी ऑब्जेक्टची टू-स्ट्रिंग चालते, नवी स्ट्रिंग तयार होते, आणि ती हातात आल्यावर लॉगर बघतो की डीबग बंद आहे. सगळी मेहनत कचऱ्यात. हेच एखाद्या लूपच्या पोटात असेल तर प्रोग्राम रेंगाळतो आणि दोष फ्रेमवर्कला जातो.

एसएलएफ४जे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीत (ही फक्त समोरचा भाग, प्रत्यक्ष लिहिणारं इंजिन मागे वेगळं असतं) यावर साधा उपाय आहे: मेसेजमध्ये रिकामे महिरपी कंस ठेवायचे आणि ऑब्जेक्ट स्वल्पविरामानंतर वेगळा द्यायचा. लेव्हल चालू असेल तरच दोन्ही जोडले जातात. एक फट मात्र राहते. त्या जागी तुम्ही मेथड कॉल लिहिलात तर तो चालतोच, कारण जावा अर्ग्युमेंट आधी सोडवून घेते. तिथे लॅम्डा द्या, म्हणजे गरज पडली तरच चालणारं छोटं फंक्शन. लॉग४जे २ मध्ये आणि एसएलएफ४जे २.० च्या फ्लुएंट एपीआयमध्ये (एकापुढे एक मेथड जोडून लिहायच्या पद्धतीत) ती सोय आहे, आणि जावा ८ पासून जावाच्या स्वतःच्या लॉगिंगमध्येही आहे. पायथनमध्ये हाच घोळ एफ-स्ट्रिंगमुळे होतो, कारण तीही लेव्हल बघण्याआधीच तयार होते. लॉगिंगच्या ओळीत पर्सेंट-एस लिहा आणि व्हॅल्यू वेगळी पाठवा.

दुसरा छुपा खर्च म्हणजे प्रत्येक ओळीत फाइलचं नाव आणि लाइन नंबर छापणं. जावात त्यासाठी चालू असताना स्टॅक (कोणत्या मेथडनं कोणती बोलावली ती साखळी) चाळावा लागतो आणि ते महाग पडतं. लॉगरचं नाव क्लासवरून ठेवलंत की बहुतेक वेळा तेवढं पुरतं, लाइन नंबर पॅटर्नमधून, म्हणजे ओळीचा साचा ठरवणाऱ्या सेटिंगमधून काढून टाका. (सी++ वाले इथे सुखी आहेत. त्यांच्या एसपीडीलॉग या लॉगिंग लायब्ररीच्या मॅक्रोंना ही माहिती कंपाइल होतानाच मिळते, आणि नको त्या लेव्हलच्या ओळी बायनरीत येणारच नाहीत अशीही सोय आहे.)

तिसरी गोष्ट, लॉगरनं न सांगितलेली कामं करू नयेत. डिसेंबर २०२१ मधलं लॉग४शेल हे सुरक्षेचं भगदाड आठवत असेल. लॉग४जे २ मेसेजमधल्या डॉलर आणि महिरपी कंसातल्या मजकुराचा अर्थ लावत बसायचं. त्यामुळे बाहेरच्या कुणी नावाच्या रकान्यात विशिष्ट मजकूर भरला आणि प्रोग्रामनं तो लॉग केला, एवढ्यावर सर्व्हर परक्या ठिकाणचा कोड आणून चालवू शकत होता. गांभीर्य १० पैकी १० ठरलं. २.१६.० मध्ये मेसेजमधला हा प्रकार काढूनच टाकला, त्यामुळे आजचं लॉग४जे २ वापरण्यात धोका आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या कामाला ते गरजेपेक्षा मोठं आहे, इतकंच. लॉग४जे १ मात्र जुन्या ट्युटोरियलमधून उचलू नका, त्याचा सपोर्ट ऑगस्ट २०१५ मध्येच संपला.

आता निवड. जावात कोड एसएलएफ४जेवर लिहा आणि मागे इंजिन म्हणून लॉगबॅक ठेवा. लॉग४जे, एसएलएफ४जे आणि लॉगबॅक तिन्ही सुरू केले ते जेकी ग्युल्ज्यू यांनी, त्यामुळे ही जोडी एकमेकींशी भांडत नाही. पुढे मागचं इंजिन बदललंत तरी तुमच्या कोडला हात लावावा लागत नाही. एवढंही नको असेल तर टायनीलॉग ही छोटी जावा लायब्ररी बघा: प्रत्येक क्लासमध्ये लॉगर घोषित करायची कटकट नाही, स्टॅटिक मेथड थेट बोलवायची, आणि सेटिंग एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये. एकट्या छोट्या प्रोग्रामसाठी मी हेच घेईन. दुसरे लोक वापरतील अशी लायब्ररी लिहीत असाल तर फक्त एसएलएफ४जे, मागचं इंजिन त्यांना ठरवू द्या.

जेडीकेतलं, म्हणजे जावाचं स्वतःचं लॉगिंग फुकट मिळतं खरं, पण लॉगरची लेव्हल फाइनवर (तिथली डीबगसारखी लेव्हल) नेऊनही कन्सोलवर काही दिसत नाही, कारण कन्सोलवर छापणारा कन्सोल हँडलर स्वतः इन्फोवर अडलेला असतो. दोन्हीकडे लेव्हल बदलावी लागते.

पायथनला बाहेरचं काही लागत नाही. लॉगिंग मॉड्यूल २.३ पासून भाषेतच आहे. रूट लॉगरची लेव्हल मुळात वॉर्निंग असते, म्हणून इन्फोचे मेसेज गायब वाटतात. सुरुवातीलाच बेसिक-कॉन्फिग बोलवून ती बदला. लॉगुरु ही बाहेरची पायथन लायब्ररी वापरायला गोड आहे, पण चार स्क्रिप्टसाठी एक डिपेंडन्सी वाढवणं मला पटत नाही.

वेग हवा म्हणून लगेच लॉगिंग असिंक करू नका, म्हणजे नोंदी रांगेत टाकून वेगळ्या थ्रेडकडून लिहून घेऊ नका. लॉगबॅकच्या असिंक अपेंडरची (अपेंडर म्हणजे लॉग ठिकाणावर लिहिणारा भाग) रांग मुळात २५६ नोंदींची असते, आणि ती ८० टक्के भरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या नोंदी गुपचूप टाकून देतो. नेमका गडबडीच्या वेळचा लॉग तुटका मिळतो. साध्या फाइल अपेंडरनं खरंच अडतंय असं मोजून दिसलं, तरच तिकडे वळा.

फाइल रोटेट करायची तर पायथनच्या रोटेटिंग हँडलरमध्ये कमाल आकार आणि बॅकअपची संख्या दोन्ही द्या. दोन्ही मुळात शून्य असतात, आणि एकही शून्य राहिला तर फाइल कधीच फिरत नाही. तुमच्या स्क्रिप्ट एकाच वेळी चालत असतील तर सगळ्यांना एकाच फाइलवर सोडू नका. वेगवेगळ्या प्रोसेसनी एक फाइल वाटून घेण्याची हमी ते मॉड्यूल देत नाही. प्रत्येकीला तिची फाइल द्या, किंवा सगळ्यांना स्टँडर्ड एररवर लिहू द्या आणि गोळा करायचं काम लिनक्समधल्या सिस्टमडीवर (सेवा चालवणारा प्रोग्राम) सोपवा.