दोन उंच रकमन, जागा किती?

प्रश्न : मेलबर्नमध्ये मुलाच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघात दोन तगडे रकमन (पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारून तो साथीदारांकडे ढकलणारे उंच खेळाडू) आहेत. एकाला फॉरवर्ड (गोलपुढे राहून गोल करणारा खेळाडू) म्हणून खेळवावं का?

उत्तर : खेळवा, पण त्याची निवड आधी फॉरवर्ड म्हणून होत असेल तरच. ढोबळ हिशेब असा : पहिल्याने रकचं तीन-चतुर्थांशाहून जास्त काम करायचं, दुसऱ्याने त्याला दम घेऊ द्यायचा आणि उरलेला वेळ गोलपुढे काढायचा. तिथे त्याने उंच चेंडू झेलावा. निदान चेंडू खाली पाडावा, बचावपटूच्या हाती जाऊ देऊ नये. आणि खाली पडल्यावर? खरी गोची इथेच. अवजड रकमन वळेपर्यंत बचावपटू चेंडू घेऊन पसार होतो.

मेलबर्न क्लबने 2023 च्या मोसमासाठी मॅक्स गॉनच्या जोडीला ब्रॉडी ग्रंडी आणला. दोघेही अव्वल रकमन, पण ग्रंडी फॉरवर्डमध्ये रुळला नाही. संघाबाहेर बसला आणि पुढच्या मोसमात सिडनी क्लबकडे गेला.

आधीच दोन उंच फॉरवर्ड असतील तर तिसरा त्यांच्याच धावेच्या वाटेत येतो. पावसात तर ओला चेंडू हातात ठरत नाही. तेव्हा दुसरा रकमन बाहेर बसवून खाली पडलेले चेंडू टिपणारा चपळ, बुटका खेळाडू घ्या.