वणीचे बापूजी अणे मुळात लेखक-संपादक होते की पुढारी?

विचारलंत, 'लोकमत' काढणारे बापूजी अणे राजकारणात कधी शिरले? थोडक्यात सांगायचं तर संपादक व्हायच्या आधीच. त्या काळच्या वऱ्हाडात वकिली, वर्तमानपत्र आणि चळवळ एकाच ओसरीवर चालायची.

माधव श्रीहरी अणे, जन्म वणीचा, 1880. आधी अमरावतीत मास्तरकी, मग यवतमाळात वकिली. टिळकांचे कट्टर अनुयायी. 1918 मध्ये यवतमाळहून त्यांनी 'लोकमत' साप्ताहिक सुरू केलं. (पुढे 1952 मध्ये जवाहरलाल दर्डांनी त्याच नावानं साप्ताहिक काढलं, आजचा पेपर त्यातला.)

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण 1930 च्या जंगल सत्याग्रहात दिसतं. विदर्भात समुद्र नाही, मिठाचा कायदा मोडायचा कुठं? पण राखीव जंगलात गवताची काडी कापली तरी गुन्हा, हे जाच गावागावांतल्या ढोरंवाल्याला रोजचे माहीत. बापूजींनी पुसदकडे जाऊन जंगलातलं गवतच कापलं अन् तुरुंगात गेले.

पुढची पदं भराभर: व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले (हे अनेकांना खटकलं) आणि 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा दिला. नंतर घटना समिती, बिहारचं राज्यपालपद. 1962 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, नागपुरातून अपक्ष खासदार, वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते म्हणून.

लेखणी मात्र सुटली नाही. टिळकांवरचं त्यांचं संस्कृत महाकाव्य 'श्रीतिलकयशोऽर्णवः'; त्याला साहित्य अकादमी मिळाली 1973 मध्ये, म्हणजे ते जाऊन पाच वर्षं झाल्यावर.