शांतिसेना ओलीस कशी गेली? सिएरा लिओनविषयी वाचकांचे प्रश्न

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षे यादवी चालली. फोदे सांकोच्या ‘आरयूएफ’ या बंडखोर संघटनेने ती सुरू केली. तिथल्या शांतिसेनेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : हातात बंदुका असताना मे २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० सैनिक ओलीस कसे गेले?

मुळात ही सेना लढाईसाठी पाठवलेलीच नव्हती. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या ७ जुलै १९९९ च्या लोमे शांतता करारानुसार बंडखोर शस्त्रे खाली ठेवतील, असे धरून सुरक्षा परिषदेने ऑक्टोबरमध्ये १२७० क्रमांकाचा ठराव केला आणि ६,००० सैनिक मंजूर केले. हा ठराव सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली होता, म्हणजे नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा होती. पण त्यातच ‘आपल्या कुवतीनुसार’ अशी अट होती, आणि कुवतच अपुरी होती. फेब्रुवारीत मर्यादा ११,१०० वर नेली, तरी पलटणी हप्त्याहप्त्याने येत राहिल्या, काही तर पुरेशा वाहनांशिवाय आणि संदेशयंत्रणेशिवाय. नायजेरियाच्या नेतृत्वाखालचे प्रादेशिक सैन्य मात्र ठरल्याप्रमाणे मेच्या सुरुवातीला मायदेशी गेले. बंडखोरांना खरा धाक त्या सैन्याचाच होता.

करारात सांकोला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिज संपत्तीवर देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद मिळाले होते. तरीही त्याची खरी ताकद कोनो जिल्ह्यातल्या हिऱ्यांच्या खाणींत होती. शांतिसेना तिथे पोचली असती, तर ती कमाई बुडाली असती. जानेवारीत गिनीच्या तुकडीची शस्त्रे आणि चिलखती गाड्या रस्त्यातच हिसकावल्या गेल्या, आणि बंडखोरांना त्याची काहीच किंमत मोजावी लागली नाही. आमच्या मते मेमधली घटना तिथेच ठरून गेली. १ मे रोजी मॅकेनीच्या निःशस्त्रीकरण छावणीत शस्त्रे जमा केलेले आमचे काही सैनिक परत द्या, असे म्हणत बंडखोर आले आणि गोळीबार सुरू झाला. मदतीला झांबियाची नुकतीच आलेली पलटण धाडली. तिला मुलूख ठाऊक नव्हता. ती वाटेतच घेरली गेली, आणि ओलिसांत सर्वाधिक सैनिक तिचेच होते.

प्रश्न : कैलाहुनच्या वेढ्यातून भारतीय सैनिक कसे सुटले?

लायबेरियाच्या सीमेजवळच्या कैलाहुनमध्ये ५/८ गुरखा रायफल्सच्या दोन कंपन्या आणि ११ लष्करी निरीक्षक ७५ दिवस अडकले होते. त्यांनी शस्त्रे दिली नाहीत. इतर ओलीस बहुतांशी लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या मध्यस्थीने सुटले. कैलाहुनबाबत वाटाघाटी थकल्यावर शांतिसेनेचे सेनाप्रमुख मेजर जनरल विजय कुमार जेटली यांनी ‘ऑपरेशन खुकरी’ आखले.

१५ जुलैच्या पहाटे ब्रिटनच्या दोन चिनूक हेलिकॉप्टरांनी भारताचे पॅरा कमांडो उतरवले आणि परतीच्या फेरीत निरीक्षकांना बाहेर काढले. वेढ्यातल्या कंपन्यांनी स्वतःच कोंडी फोडून दक्षिणेची वाट धरली. शांतिसेनेच्या डारू इथल्या तळावरून दुसरा ताफा त्यांच्याकडे निघाला होता. पावसाळा असल्याने ढगांमुळे एमआय-३५ ही लढाऊ हेलिकॉप्टरे काही तास उडू शकली नाहीत, आणि रस्त्यात चर खणलेले होते. संध्याकाळपर्यंत वाटेवरचे पेंडेंबू गाव ताब्यात आले आणि सगळे तिथे एकत्र जमले. दुसऱ्या दिवशी काही जण हवाई मार्गाने आणि बाकीचे रस्त्याने डारूला पोचले. मोहिमेत एका भारतीय हवालदाराचा मृत्यू झाला. तोफा, चिलखती वाहने, हेलिकॉप्टरे आणि राखीव पायदळ जमवायला अडीच महिने लागले. हेच बळ एप्रिलमध्ये हाताशी असते, तर वेढा पडलाच नसता.

प्रश्न : ब्रिटिश सैन्य संयुक्त राष्ट्रांच्या हाताखाली का नव्हते?

ब्रिटनने मेमध्ये पॅराशूट पलटण स्वतःच्या हुकमतीखाली उतरवली. आपल्या नागरिकांना हलवणे हे जाहीर काम होते, पण लुंगी विमानतळ आणि राजधानी फ्रीटाउन सावरले गेले ते तिच्यामुळेच. स्वतंत्र तुकडीला लंडनहून तासाभरात आदेश मिळू शकतो. शांतिसेनेतली पलटण मात्र सेनाप्रमुखाचे ऐकते आणि आपल्या राजधानीलाही विचारते. अडचणीच्या घडीला या दुहेरी हुकमतीत वेळ जातो. पण परदेशी सैन्य लवकर परतते, आणि पुढची वर्षे शांतिसेनेलाच काढावी लागतात. इथे ती २००५ च्या अखेरीपर्यंत राहिली.

प्रश्न : शस्त्रे गोळा करण्याची रीत काय असते?

सैनिक छावणीत येतो, शस्त्र देतो, ते तपासून नोंदवून निकामी केले जाते, आणि त्याला ओळखपत्र मिळते. पुढे कामधंद्याचे प्रशिक्षण असते. मे २००१ पासून एका वेळी दोन जिल्हे घेऊन बंडखोर आणि ‘कामाजोर’ हे सरकार समर्थक स्थानिक लढवय्ये यांची शस्त्रे एकाच वेळी काढली. सुरुवात कांबिया आणि पोर्ट लोको इथून झाली. एका बाजूची बंदूक आधी गेली, तर ती बाजू हल्ल्याच्या भीतीने थांबते, म्हणून दोन्ही बाजू एकदम घेतल्या. जानेवारी २००२ पर्यंत ७० हजारांहून अधिक जणांनी शस्त्रे सोडली.

यात एक मोठी चूक झाली. ‘एक माणूस, एक बंदूक’ या नियमाने पळवून नेलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या हजारो स्त्रिया वगळल्या गेल्या. त्यांच्याजवळच्या बंदुका म्होरक्यांनी काढून आपल्या माणसांना दिल्या. लहान मुलांसाठी बंदुकीची अट ठेवली नव्हती, ती स्त्रियांसाठीही ठेवायला नको होती.

प्रश्न : खर्च कोण करतो?

सदस्य देश ठरलेल्या हिश्शाने पैसे भरतात, आणि सैन्य पाठवणाऱ्या सरकारला दर सैनिकामागे भरपाई मिळते. २०१८ मध्ये तिचा दर महिन्याला १,४२८ डॉलर ठरला. वाहनांचे भाडे वेगळे, आणि तपासणीत गाडी बंद आढळली तर ते कापले जाते. मात्र देशांची वर्गणी थकली की ही भरपाईही थकते.